मोकळ्या कोंबड्या कमी खर्चात आवरायच्या कशा? इंदूरच्या आसपास शेत घेतलेल्यांसाठी

महू, सिमरोल, सांवेर, देपालपूर या बाजूंना बिघा-दोन बिघे जमीन घेऊन आठ-दहा कोंबड्या सोडणारी बरीच मराठी घरं आहेत. पहिले दोन महिने मजेत जातात. मग मेथीचा वाफा उकरला जातो, शेजारच्या सोयाबीनच्या सऱ्या विस्कटतात, अंडी गंजीखाली सापडायला लागतात आणि एका सकाळी तीन कोंबड्या कमी भरतात. त्यानंतर माणूस सियागंजला जाऊन जाळीची मोठी गुंडाळी उचलून आणतो, आणि इथेच पैसे चुकीच्या जागी जातात.

कोंबडीला आधी घर बांधून ठेवतं, मग वेळ, आणि शेवटी जाळी. घर आणि वेळ जमली की जाळी निम्मीच लागते. खाली क्रम तसाच ठेवला आहे. हिशेब २५ कोंबड्यांचा आहे. तुमच्याकडे दहा असतील तर त्या प्रमाणात कमी करा, पण क्रम बदलू नका.

१. आधी खुराडा, तो पक्का

दिवसाची जाळी कोंबडीला आत ठेवते. मुंगूस, रानमांजर आणि भटकं कुत्रं यांना रात्री बाहेर ठेवायचं काम खुराड्याचं. ही दोन कामं वेगळी आहेत. षट्‌कोनी भोकांची जाळी, जिला दुकानात मुर्गा जाली म्हणतात, कुत्रं दातांनी फाडतं. तेव्हा शंभर रुपये असतील तर पन्नास खुराड्यावर घाला.

२५ पक्ष्यांना प्रत्येकी दोन चौरस फूट, म्हणजे १० फूट बाय ५ फूट. आत बसायला दोन इंच जाडीच्या दांड्या, जमिनीपासून दोन फुटांवर. एका कोंबडीला आठ इंच धरले तर साधारण १७ फूट दांडी लागते. ९ फुटांच्या दोन टाकल्या की झालं. दोन्ही एकाच उंचीवर ठेवा. एक उंच आणि एक खाली ठेवली तर रोज संध्याकाळी वरच्या जागेसाठी मारामारी होते. अंड्यांसाठी पाच कोंबड्यांमागे एक खोकं, फूट बाय फूट, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात.

हवेच्या खिडक्यांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, मुर्गा जाली नको. मुंगसाचं डोकं जिथून जातं तिथून सगळं मुंगूस जातं. जमीन फरशीची किंवा कोब्याची करा. ते जमत नसेल तर भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी फूटभर रुंद दगडांचा पट्टा बसवा. दाराला नुसता आकडा पुरत नाही, कडी आणि तिच्यात खिळा हवा. मांजर आणि कुत्रं आकडा उचलायला शिकतात.

खाली अंथरायला आपल्याकडे सोयाबीनचं भुसकट फुकट मिळतं, ते चांगलं चालतं. फक्त पावसात भिजून काळं पडलेलं, कुबट वासाचं नको. त्या बुरशीने पिल्लांची फुप्फुसं जातात.

राळामंडळ किंवा चोरलच्या जंगलाला लागून जमीन असेल तर बिबट्याही हिशेबात धरावा लागतो. तिथे पत्र्याचं छप्पर आणि विटांची भिंत यांखेरीज स्वस्त उपाय नाही, आणि रात्री एकही कोंबडी बाहेर राहता कामा नये.

२. घर ओळखायला आठ-दहा दिवस

बाजारातून आणली आणि सोडली, ही सगळ्यात महाग चूक. नवी कोंबडी खुराड्यातच आठ ते दहा दिवस कोंडून ठेवा, दाणा-पाणी आतच. तिला ही जागा आपली वाटली की संध्याकाळी ती आपल्या पायांनी परत येते. आधीच्या कोंबड्या असतील तर नव्यांना पंधरा ते एकवीस दिवस वेगळ्या जागी ठेवा, नाहीतर राणीखेत रोग घरात आणून सोडाल.

याच दिवसांत आवाजाची सवय लावा. डब्यात मूठभर मका घालून तो वाजवायचा आणि मगच दाणा टाकायचा. रोज तीच वेळ, तोच डबा. पुढे कोंबड्या कुठेही गेल्या तरी डबा वाजला की पळत येतील. डब्याला खर्च नाही, आणि पुढचं निम्मं काम तोच करतो.

झाडावर झोपायची सवय असलेल्या कोंबड्या मात्र डब्याला दाद देत नाहीत. त्यांना अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन हाताने उतरवा आणि खुराड्यातल्या दांडीवर बसवा. सलग सात रात्री. मध्ये एक रात्र आळस केला की पुन्हा पहिल्यापासून.

३. सोडायची वेळ उलटी करा

बहुतेक लोक सकाळी उजाडताच दार उघडतात. कोंबड्या आपली बरीचशी अंडी दुपारपर्यंत घालतात, म्हणजे ती बाहेर जातात. शिवाय सबंध दिवस मिळाला की त्या लांब भटकतात.

हिवाळ्यात तीनच्या सुमारास सोडा. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो, तेव्हा त्यांना जेमतेम अडीच तास मिळतात, आणि तेवढ्या वेळात त्या घरापासून फार लांब जात नाहीत. मे-जूनमध्ये दुपारी ४२ अंशांत सोडण्यात अर्थ नाही. पाचनंतर सोडा, सातला अंधारायला लागतं. अंडी खोक्यातच मिळतात, वाफ्यांचं नुकसान निम्म्यावर येतं, घारीचा आणि शिक्र्याचा धोकाही कमी होतो, कारण तोवर तुम्ही अंगणात असता.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण उशिरा सोडल्याने कोंबडीचं काही बिघडतही नाही. सकाळी आत दाणा, पाणी आणि ओला पाला मिळाला पाहिजे, एवढंच.

वर्षातले दोन हंगाम मात्र कडक: जूनच्या उत्तरार्धातली सोयाबीनची पेरणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातली गहू-हरभऱ्याची. बीजप्रक्रिया केलेलं लाल-गुलाबी बियाणं कोंबडीने टिपलं तर ती मरू शकते, आणि शेजाऱ्याशी भांडण होतं ते वेगळंच. पेरणीपासून रोप चार बोटं वर येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, कोंबड्या आवारातच राहू द्या.

४. कोंबड्यांना कुंपण की भाजीला?

जाळी घ्यायच्या आधी फीत घेऊन दोन्ही मोजा. भाजीचे वाफे १० फूट बाय २० फुटांत असतील तर घेर ६० फूट. कोंबड्यांचं आवार ४० बाय २५ केलं तर घेर १३०. शेजाऱ्याचं शेत लांब असेल आणि त्रास फक्त मेथी-पालकालाच असेल, तर भाजीला तीन फूट उंच जाळी मारा आणि कोंबड्यांना फिरू द्या. वाफ्यात उतरायला मोकळी जागा दिसत नसली की कोंबडी तीन फुटांवरूनही सहसा उडून जात नाही. म्हणून भाजीच्या जाळीच्या आत काठापर्यंत गर्दी असू द्या.

शेजार लागून असेल, रस्ता जवळ असेल किंवा गावातली कुत्री येत असतील तर मात्र आवार हवंच.

५. आवार: काय आणि किती

४० बाय २५ फूट, म्हणजे एका कोंबडीला ४० चौरस फूट. यापेक्षा लहान केलं तर महिन्याभरात गवताचं पान राहत नाही, आणि आत खायला काही उरलं नाही की त्या बाहेर पडायच्या वाटा शोधतात.

सामान असं:

- बांबू ८ फुटी, १८ नग (दर ८ फुटांवर एक, दाराचे धरून)
- कोपऱ्यांच्या तिरक्या टेक्यांसाठी ५ फुटी बांबू, ८ नग
- एक इंची मुर्गा जाळी, ४ फूट रुंद, ५० फुटांच्या ३ गुंडाळ्या
- नायलॉनची जाळी ६ फूट रुंद, ७५ फूट (मधोमध कापून ३ फुटी दोन पट्टे)
- १४ गेजची जीआय तार, १४० फूट
- बारीक नायलॉन दोरी, १४० फूट
- बाइंडिंग तार, २ किलो
- दाराची चौकट, दोन बिजागऱ्या, कडी
- पहार, पक्कड, कटर, फीत, जाड हातमोजे

लोहा मंडीत जाळी किलोवर की फुटावर, हे आधी विचारा. किलोवर घेताना जाड तारेची जाळी महाग वाटते, फुटावर घेताना पातळ तारेची फसवते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २४ गेजच्या जाळीला काळ्या मातीत एक पावसाळा झेपतो, २० गेजची चार-पाच वर्षं काढते. गुंडाळीचं बाहेरचं टोक नाही, आतलं टोक उलगडून बघा. गंज आणि तुटलेले पीळ आत लपवलेले असतात.

६. खांब: काळी माती हलते

मार्चपासून मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत तीच माती फुगून लोण्यासारखी होते. उन्हाळ्यात ताठ दिसणारा खांब पावसात झोपतो, आणि लोक बांबूला दोष देतात.

खड्डा अडीच फूट खोल घ्या. बांबू उभा करून भोवती निघालेली काळी माती परत टाकू नका. मुरूम आणि दगडगोटे भरा, दर अर्ध्या फुटाला पहारीने ठोका. वर साडेपाच फूट बांबू उरतो. चारही कोपऱ्यांत आतल्या बाजूने, कुंपणाच्या दोन्ही दिशांना एकेक तिरका टेका द्या. सगळा ताण कोपऱ्यांवर येतो.

बांबू ओला मिळाला तर वापरण्यापूर्वी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा. त्यातली साखर निघून जाते, कीड कमी लागते. वाळल्यावर जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि वर आणखी चार बोटं गरम डांबर फासा, दोन दिवस सुकू द्या. वाळवी बांबूला नेमकी जमिनीच्या पातळीवर कापते, म्हणून ती चार बोटं सोडू नका. वरचं टोक तिरकं छाटा. सपाट टोक म्हणजे कोंबडीला पाट मांडून दिल्यासारखं.

बांबूऐवजी शेवग्याचे किंवा ग्लिरिसिडियाचे जाड दांडे पाऊस सुरू होताच रोवले तर ते फुटतात आणि जिवंत खांब होतात. पहिल्या वर्षी त्यांच्यावर जाळी ताणायची नाही. बेशरमाच्या काड्या तर कुठेही लागतात, इथे त्यांची बागड सर्रास दिसते. पण शेळ्या असतील तर नको, त्यांना ती विषारी आहे.

७. जाळी बांधायची पद्धत

मुर्गा जाळी चार फुटी आहे म्हणून चार फूट उभी करू नका. तीन फूट उभी, आणि खालचा एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा. त्यावर दर हातभर अंतरावर दगड ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशी येतं, पायाखाली जाळी लागते, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. दोन महिन्यांत गवत त्या जाळीतून वर येतं आणि तिला जमिनीशी शिवून टाकतं. पुरलेली जाळी काळ्या मातीच्या ओलीने लवकर सडते, आणि भेगा पडल्या की तिच्याखाली वाट होते, म्हणून पुरायची नाही.

तीन फुटांच्या उंचीवर जीआय तार खांबांना ताणून घ्या आणि मुर्गा जाळीची वरची कड तिला बांधा. मग नायलॉनचा पट्टा तिच्यावर अर्धा फूट चढवून वर साडेपाच फुटांपर्यंत न्या. सगळ्यात वर बांबू किंवा जाड तार आडवी लावू नका, फक्त बारीक दोरी, तीही जराशी सैल. कोंबडी कुंपण एका झेपेत ओलांडत नाही. ती आधी वरच्या काठावर उतरते, तिथे तोल सावरते आणि मग पलीकडे उडी मारते. काठ पायाखाली लचकला की तिला बसता येत नाही, आणि बहुतेक जणी दोन-तीनदा प्रयत्न करून नाद सोडतात.

नायलॉनची जाळी जमिनीपर्यंत कधीच आणू नका. धामण तिच्यात अडकून मरते, कोंबडीची बोटंही गुंततात.

आतल्या बाजूने कुंपणापासून सहा फुटांत लाकडांची रास, ड्रम, उलटी घमेली, टेकलेली शिडी असं काही नको. एवढं मोठं कुंपण घालून लोक त्याला खेटून सरपण रचतात.

पिल्लं असतील तर एक इंची भोकांतून ती पहिले दोन-तीन आठवडे आरामात बाहेर जातात. तेवढे दिवस खाली दीड फूट हिरवं शेडनेट लावा, किंवा पिल्लांना आईसकट डालग्याखाली ठेवा.

दार आत उघडणारं करा. बाहेर उघडलं की घोळक्याने वाट पाहत उभ्या असलेल्या कोंबड्या पायांमधून निसटतात. हात भरलेले असताना दार उघडं राहतं, त्यावर सोपा उपाय: दाराच्या वरच्या कोपऱ्याला सुतळी बांधा, ती खांबावरच्या कप्पीतून घ्या आणि टोकाला वाळू भरलेली एक लिटरची बाटली टांगा. दार आपोआप लागतं. उंबरठ्याला लाकडाची पट्टी ठोका, खाली दोन बोटांपेक्षा जास्त फट नको.

८. पैसे त्याहून कमी असतील तर

जुन्या साड्या. नीलगायीला अडवायला शेतकरी त्या बांधतात, कोंबडीलाही चालतात, कारण पलीकडचं दिसत नाही तिकडे ती सहसा जात नाही. वाऱ्याने फडफडतात, वर्षभरात उन्हाने विरतात, पण पेरणीचे तीन आठवडे निभावतात. बाभळीच्या काट्यांची वई कुत्र्यालाही अडवते. तिला दर वर्षी नवे काटे घालावे लागतात आणि पायात मोडतात ते वेगळे.

सहा-आठच कोंबड्या असतील तर कुंपणच नको: ४ बाय ८ फुटांचा, खाली उघडा, जाळीचा हलका पिंजरा, एका टोकाला दोन चाकं. रोज सकाळी एक पिंजराभर पुढे सरकवायचा. गवत खाल्लं जातं, खत पसरतं. पावसाळ्यात काळ्या चिखलात चाकं रुततात, तेव्हा त्याच्यासाठी एक मुरमाड तुकडा राखून ठेवा.

विजेच्या कुंपणाचा सल्ला मिळेल. सौर यंत्रावर चालणारं, ठरावीक ठोका देणारं कुंपण चांगलं असतं, पण स्वस्त नाही. आणि घरच्या लाइनची तार थेट कुंपणाला जोडायची नाही, एका रात्रीपुरतीही नाही. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. मुंगसाला विष घालणं हाही गुन्हाच. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे.

९. पंख छाटणं

वनराजासारख्या जड जाती फारशा उडत नाहीत. कडकनाथ हलका, २०१८ साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो इथे घरोघर आला आहे, आणि कुंपणावरून जाणाऱ्यांत तोच पुढे असतो.

संध्याकाळी खुराड्यातून पकडा. एकच पंख उघडा, कोणताही, पण एकच. तोल गेला की उडता येत नाही. टोकाकडची दहा लांब पिसं मोजा. त्यांच्यावर आखूड पिसांची एक ओळ असते, तिच्या अर्धा इंच बाहेर धारदार कात्रीने सरळ कापा. नवं, वाढतं पीस कापायचं नाही. त्याच्या देठात रक्त असतं. पांढऱ्या कोंबडीत असा देठ गडद दिसतो, कडकनाथात सगळंच काळं, म्हणून चिमटीत धरून बघा: वाढतं पीस बुडाशी जाड, मऊ आणि आवरणात गुंडाळलेलं लागतं. चुकून रक्त आलं तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं दाबून धरा आणि थांबेपर्यंत बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, त्या जखमेला टोचतात.

पिसं झडून नवी आली की पुन्हा छाटावं लागतं. पाच-सहा महिन्यांच्या आतल्या तलंगांना घाई करू नका. आणि छाटलेल्या कोंबडीला कुत्र्यापासून झाडावर पळता येत नाही, म्हणून आवार पक्कं नसेल तर पंखाला हात लावू नका.

१०. आत राहावंसं वाटलं पाहिजे

पश्चिमेला शेडनेटची सावली, दोन ठिकाणी पाणी आणि एक धूळखड्डा: तीन फूट बाय तीन फूट, राख आणि चाळलेली माती, वर पत्रा. हे तिन्ही नसेल तर मे महिन्यात कोणतीही जाळी कमी पडते.

दाणा-पाणी छपराखालीच ठेवा. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेलेले सापडले, भोपाळच्या पशुरोग संस्थेतल्या तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन८ निघाला. असं पुन्हा झालं तर कोंबड्या कित्येक दिवस आत ठेवाव्या लागतील, आणि बाहेरच्या पाखरांची विष्ठा त्यांच्या पाण्यात पडता कामा नये. यासाठी खुराड्याला लागून १० बाय १० फुटांचा, वरूनही जाळी आणि पत्रा असलेला एक तुकडा करून ठेवा. एरवी घारीच्या दिवसांत पिल्लांना तोच उपयोगी पडतो.

११. तरीही एक निसटतेच

कुंपण वाढवायला धावू नका. एक संध्याकाळ लांब खुर्ची टाकून बसा आणि ती नेमकी कुठून जाते ते बघा. बहुतेक वेळा एकच जागा असते: दाराच्या बिजागरीकडची फट, ढिला झालेला कोपऱ्यातला पट्टा, नाहीतर आवारातल्या पेरूची कुंपणावर झुकलेली फांदी. ती बंद करा आणि त्या कोंबडीला चार दिवस खुराड्यात ठेवा, कारण तिच्या मागे बाकीच्या शिकतात. जागा सापडत नसेल तर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खांब हाताने हलवून बघा. जो डुलतो त्याच्याच दोन्ही बाजूंना जाळी सैल पडलेली असते.